दादाचा झीलडबा

सायली गो, हे पत्र माझ्या जवळ बसून ऐकतेस असं समजून वाच. आणि आधी तो फोन पालथा ठेव. मला दोन आवाज पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "आत्ये, पहिला चांगला की दुसरा? एका शब्दात सांग." एका शब्दात कसं सांगणार गो? बाजारात उभ्या उभ्या वांगी विचारतात तसं विचारलंस. पहिला आवाज तुझ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या दादाच्या, जुन्या डब्याचा. तो गेल्यावर कपाट आवरताना तुला सापडलेला. दुसरा तुझ्या नव्या डिजिटल पेडलचा, तोही गिटारला जोडून पायाने दाबायचा डबाच. दोन्हींत तू गिटारची तीच ओळ वाजवलीस आणि दोन्हींत तिच्याखाली तीच ओळ, सप्तकभर खाली, सावलीसारखी चालली. मी वरंधच्या घरात खिडकीजवळ उभी राहून ऐकलं, कारण आमच्याकडे फोनला रेंज फक्त त्या खिडकीत येते. एकदा ऐकलं, मग परत ऐकलं, मग चुलीवरचं दूध उतू गेलं. तुला एक शब्द हवाय, आणि माझ्याजवळ आख्ख्या एका गौरीची गोष्ट आहे. आता ऐक.

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथून पायवाटेने वर. तू लहानपणी आलीस तेव्हा रस्ता झाला होता. आमच्या वेळी नव्हता. वाडी छोटी, पण आवाज मोठा. पहाटे जात्याची घरघर, मग भाकऱ्या थापल्याचा आवाज घराघरातून, मग गुरांच्या गळ्यातल्या घंटा, आणि या सगळ्यावर आबांचा गळा. माझे आबा शाहीर होते. तुला शाहीर म्हटलं की फेटा नि डफ आठवतो, तसे नव्हेत. आमच्याकडे गणपतीत बाल्यांचा नाच असतो. मधे मृदंगवाला, झांजवाला आणि शाहीर, आणि भोवती एका पायात घुंगरांचे चाळ बांधून गोल फिरणारे नाचे. शाहिराने एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. मागच्यांनी ती ओळ उचलायची, तिला झील म्हणतात. उचलणारे ते झीलकरी. बाकीच्या मंडळांत झील चढ्या आवाजात असते. आमच्या मंडळात ती खालच्या पट्टीत, संथ असायची, आणि त्याला कारण तुकाकाका.

तुकाकाका आमच्या शेजारचा. अंगाने एवढासा, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. आबा वरच्या पट्टीत ओळ फेकायचे आणि तुकाकाका तीच ओळ खालून झेलायचा. झील सोडताना शेवटचा शब्द तो लांबवायचा, आणि त्या लांबवण्यात त्याचा आवाज थोडा कापायचा, दिवा विझायच्या आधी ज्योत कापते तसा. लहानपणी मला वाटायचं ती त्याची हौस आहे. मग एकदा ओटीवर बसून सराव पाहताना कळलं की तुकाकाका गाताना आबांच्या तोंडाकडे बघतच नाही. तो त्यांच्या छातीकडे बघतो. आबांची छाती भरली की तो शब्द सोडतो. भरली नसेल तर धरून ठेवतो, अगदी स्वतःचा दम संपेपर्यंत. आईला हे सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मग काय, झील कशाला असते? शाहिराला दम खायला असते." हे वाक्य मला तेव्हा साधं वाटलं. म्हणून तुला सांगते, ते नीट धरून ठेव, पुढे लागेल.

मंडळ हळूहळू रिकामं होत गेलं, ते एका दिवसात नाही. आज एक मुंबईला, पुढच्या शिमग्याला दुसरा, मग त्याच्या मागे त्याचा भाऊ. प्रत्येक जण सांगून जायचा की गणपतीला येतो. पहिल्या वर्षी यायचे, दुसऱ्या वर्षी रजा मिळायची नाही, तिसऱ्या वर्षी पत्र यायचं. नाचायला पोरं होती अजून, पण झील धरायला शेवटी एकटा तुकाकाका उरला. त्याचीही बायको गेली, करणारं कोणी राहिलं नाही, म्हणून त्याचा मुलगा येऊन त्याला लालबागच्या खोलीत घेऊन गेला. जाताना तुकाकाका आबांना म्हणाला, "गौरीला येतो रे. माझ्याबिगर गण म्हणू नको." आबांनी मान हलवली. आमच्या वाडीची एक रीत होती. ज्या वर्षी गौरीपुढे आमच्या अंगणात नाच उभा राहणार नाही, त्या वर्षी मंडळाचे चाळ नेऊन देवळात ठेवायचे. एकदा ठेवले की ते देवाचे, परत पायात बांधायचे नाहीत. वरच्या दोन वाड्यांचे चाळ आधीच देवळात गेले होते. आबांना रोज तिन्हीसांजेला ते दिसायचे, कारण देवळात दिवा लावायची पाळी आमच्या घराची.

दादा तेव्हा मुंबईत रेडिओच्या दुकानात होता आणि रात्री एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. आबांनी त्याला निरोप धाडला होता की येताना तुकाकाकाला हाताला धरून आण. गौरीच्या आदल्या दिवशी आबा फाट्यावर एसटीची वाट बघत उभे, मी त्यांच्यासोबत. गाडी थांबली. दादा उतरला, पाठीला गिटारची काळी पेटी, हातात पिशवी. आबा त्याच्याकडे बघेनात, त्याच्या मागे दारात बघत राहिले. कंडक्टरने घंटी मारली, गाडी घाटाकडे निघाली, तरी आबा गाडीकडेच बघत होते. मग दादा म्हणाला, "तुकाकाका येत नाय आबा. त्याला आता ऐकू येत नाय. कानाशी ढोल वाजवला तरी नाय." आबांनी दादाच्या हातातली पिशवी घेतली आणि चढण चढायला लागले. अर्ध्या वाटेवर थांबले, दम लागला म्हणून. मला वाटलं, चढणीमुळे.

घरी आल्यावर दादाने पिशवीतून तो डबा काढला. विटेएवढा, जड, पत्र्याचा, वर एक बटण आणि फिरवायच्या दोन चाव्या. त्याच्या ऑर्केस्ट्रात खालचे सूर वाजवणारा बासवाला नसेल तेव्हा हा लावायचे. दादाने गिटारची वायर त्यात घातली, दुसरी वायर रेडिओएवढ्या भोंग्यात. आई पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती, ती तशीच पानं हातात धरून दारात आली. दादाने एक तार छेडली, मग पायाने बटण दाबून तीच तार परत छेडली. आणि गो सायली, ओटीवर तुकाकाका बोलला. तोच विहिरीतला आवाज, जाडा, थोडा खरखरीत, आणि शेवटी तार मरताना तसाच कापला. आबा उठून उभे राहिले. म्हणाले, "परत." दादाने परत वाजवलं. "परत." मग ते खाली बसले आणि डब्यावर हात ठेवून हसले. त्या वर्षात आबांना हसताना मी त्या एका संध्याकाळीच पाहिलं.

दादाने समजावून सांगितलं की हा डबा एका वेळी एकच सूर ओळखतो. दोन तारा एकदम वाजवल्या की त्याला कळत नाही कुणाच्या मागे जावं. त्याने वाजवून दाखवलं, तर डबा चूळ भरल्यासारखा गुळगुळला. आबा म्हणाले, "तुकाचं पन तसंच हाय. दोघं जन एकदम बोलले की तो कुनाचंच ऐकत नाय." आम्ही सगळे हसलो. त्याला झीलडबा हे नाव आबांनीच दिलं. संध्याकाळभर घरात नवसाची गाय व्याल्यासारखा आनंद. आईने दादाला घावणे वाढले, त्यावर काळ्या वाटाण्याची आमटी, आणि तो खात असताना आबा मधेमधे डब्याचं बटण दाबून बघत होते. पण सराव झाला तो तेवढाच, सुरांचा. कारण गौर घरात येण्याआधी गण तोंडातून काढायचा नाही, अशी आमची रीत. गण म्हणजे नाचाचं पहिलं गाणं. तो गौरीचा, तिच्याआधी कोणी ऐकायचा नाही. तेव्हा आबांनी पूर्ण ओळ म्हणायची, डब्याने झील धरायची, असं प्रत्यक्ष कुणीच करून पाहिलं नाही. तुम्ही मुलं म्हणाल, किती वेडेपणा. पण गौरीला उष्टं गाणं कोण देणार गो?

दुसऱ्या दिवशी गौर आणली, सुनांनी सुपं वाहून ओवसे झाले, नैवेद्य झाला, आणि दुपारी ऊन पडलं तसं अंगण भरलं. आजूबाजूच्या वाड्यांतूनही माणसं आली होती, कारण मुंबईचा डबा गाणार आहे ही बातमी झऱ्यावरून सगळीकडे गेली होती. मी नि आई ओटीच्या दारात, हातात पातोळ्यांचं ताट. पोरं चाळ बांधून गोल उभी. मृदंग सुरू झाला. आबांनी कानाला हात लावला आणि गणाची पहिली ओळ म्हटली. दादा त्यांच्याबरोबर तारेवर तीच ओळ वाजवत होता, खालून डबा चालत होता, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. ओळ संपली. आबा थांबले. आयुष्यभर थांबले तसे, झील येणार म्हणून. दादा त्यांच्या मागे वाजवत होता, आबा थांबले म्हणून तोही थांबला. डबाही थांबला.

नुसता मृदंग वाजत राहिला. पोरांचे उजवे पाय उचललेले, झीलीच्या शब्दावर टेकवायचे म्हणून, ते तसेच वर. आबा डब्याकडे बघत होते. अगदी विश्वासाने, शेजारचा माणूस पान थुंकून येतोय तोवर थांबावं तसे. मग बायकांतून गंगाकाकू म्हणाली, "झीलकरी जेवायला गेला काय रे तुमचा?" सगळं अंगण हसलं. दादाचे कान लाल झाले. त्याला चूक कळली. त्याने खूण केली की मी वाजवतो, तुम्ही म्हणा. आबांनी ओळ परत घेतली, थांबले, आणि आता दादाने एकट्याने झील वाजवली. पाय टेकले, चाळ वाजले. आईने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

पण बघ, दादाची मान खाली. एकाच तारेवर राहायचं, दुसरी चुकून लागली तर डबा गुळगुळणार, म्हणून त्याचे डोळे बोटांवर. ओळ वाजवून झाली की तो मोकळा. आबांची छाती त्याला दिसतच नव्हती. मला दिसत होती. पहिल्या कडव्याला ती पाऊण भरली, दुसऱ्याला अर्धी. आबा अर्ध्या छातीवर ओळ उचलत होते, आणि वरची पट्टी कुणाची वाट बघत नाही. तुकाकाका असता तर शब्द धरून बसला असता, मृदंगवाल्याने समजून एक फेरा जास्त घेतला असता, कुणाला कळलंही नसतं. डबा आपला वेळच्या वेळी मोकळा. तिसऱ्या कडव्याला आबांचा आवाज ओळीच्या मधेच तुटला. त्यांनी छातीवर हात ठेवला, तोंड उघडं, पण आत हवा जाईना. तेव्हा मला समजलं की चढणीवर ते चढणीमुळे थांबले नव्हते.

झील माझ्या तोंडातून निघाली. मी काढली नाही, निघाली. बाईमाणसाने नाचाची झील धरायची नसते हे मला ठाऊक होतं. पण आख्खी झील मला पाठ होती, आणि आबांची छाती समोर दिसत होती. मी शेवटचा शब्द धरला. धरून ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे आले तरी सोडला नाही, छाती भरेपर्यंत. अंगणात कुणी हललं नाही. गंगाकाकूसुद्धा नाही. आबांनी माझ्याकडे न बघता पुढची ओळ घेतली, पूर्ण, भरल्या दमाने, आणि ते कडवं आम्ही दोघांनी मिळून पुरं केलं. दादाने हात तारांवरून काढून मांडीवर ठेवले होते.

कडवं संपलं तसं आबांनी हात वर करून मृदंग थांबवला. मला वाटलं, ओरडतील. ते ओटीपाशी आले, ताटातला एक पातोळा घेऊन माझ्या हातात ठेवला, आणि हळूच म्हणाले, "बरी धरलीस गो. पन तू उद्या नांदायला जाशील. मग मी परत कुनाची वाट बघू?"

एवढंच. राग नव्हता त्यात. राग असता तर मी भांडले असते. पोरांनी चाळ सोडले. माणसं पातोळे खाऊन गेली, चांगले झाले होते म्हणाली. अर्ध्यावर सुटलेला नाच आबांनी मोजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चाळ चिंचेने घासले, लख्ख केले, फडक्यात बांधले आणि देवळात नेऊन वरच्या वाड्यांच्या चाळांशेजारी ठेवले. दादा त्याच दुपारच्या एसटीने गेला. डबा पिशवीत घालताना आबा त्याला म्हणाले की डबा वाईट नाही हो, सांभाळ. दादाने सांभाळला. पण ऑर्केस्ट्रात त्याने तो पुढे कधी लावला की नाही, हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी इकडे वरंधला आले. तुकाकाका लालबागलाच वारला. आबा त्यानंतर दोन पावसाळे राहिले. दम्याचं औषध महाडवरून यायचं, ते घ्यायचे. गायले मात्र नाहीत. गोठ्यातसुद्धा नाही.

आता तुझं उत्तर. पहिला आवाज, दादाचा, एका सुराशीच इमान राखतो, दोन आले की गांगरतो, आणि सूर मरताना कापतो. ते कापणं ऐकलं तेव्हाच माझं दूध उतू गेलं. दुसरा, तुझा डिजिटल, हुशार आहे. सहाच्या सहा तारा एकदम ओढल्यास तरी सगळ्यांच्या खालून बरोबर चालतो, गुळगुळत नाही, कापत नाही, थकत नाही. किंचित मागून येतो, पायऱ्या मोजत उतरणाऱ्या माणसासारखा, आणि आवाज जरा धुतलेला. गेल्या मे महिन्यात आलीस तेव्हा तू म्हणालीस की ह्या नव्याला सांगून ठेवलं तर आपण थांबल्यावर तो ओळ परत म्हणूनही दाखवतो. "म्हणजे आत्ये, आजोबांचा नाच वाचला असता." तेव्हा मी हसले आणि तुला आंबा कापून दिला. पण तू गेल्यावर मी पुष्कळ विचार केला. तू मला करून दाखवलं होतंस ना, मी तुझ्या माइकवर ओळ म्हटली, थांबले, त्याने माझीच ओळ खालच्या आवाजात परत दिली, बरोब्बर वेळेवर. आणि मी पुढची ओळ उचलू शकले नाही. माझा दम अजून आला नव्हता. आबांचा दमा मलाच आलाय, तुला कुणी सांगितलं नसेल. त्याने वाट पाहिली नाही. त्याला छाती दिसत नाही गो. दादाच्या डब्याला दिसत नव्हती, तुझ्यालाही नाही. खोटं कशाला बोलू, चांगला दुसरा आहे. तोच ठेव. पण तो तेव्हा असता तरी तुझ्या आजोबांचा नाच वाचला नसता.

मी कुणाला धीर द्यायला हे लिहीत नाही. वाडीत आता तीनच घरांत चूल पेटते. आपल्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. दर गौरीला मी दोन एसट्या बदलून वर जाते, अंगण सारवते, एकटीने गौर बसवते. गेल्या वर्षी देवळात गेले तर चाळांवर हिरवट राप चढला होता आणि घुंगरांत कोळ्यांनी घरं केली होती. मी एक उचलून हलवला. आवाज आला, पण जड, बसलेला. मग मी अंगणात उभी राहिले आणि गणाची पहिली ओळ म्हटली, हळूच, कुणी नव्हतं म्हणून. आणि सवयीने थांबले. समोरच्या डोंगरावरूनसुद्धा काही परत आलं नाही. तिकडे धुकं होतं.

तेव्हा या गौरीला ये. रजा मिळणार नाही म्हणशील, मला माहीत आहे. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. तरी ये. पेडल जुना आण, नवा आण, नाहीतर दोन्ही घरी ठेव. पातोळे करीन, हळदीची पानं परसात आहेत. झील तुला येत नाही, ती मी फाट्यापासून चढणीवर शिकवीन, मधे थांबत थांबत. गण मात्र गौर घरात आल्यावरच. मी ओळ म्हणेन आणि थांबेन. तू माझ्या तोंडाकडे बघू नको. आणि लवकर ये गो, माझी छाती हल्ली भरायला वेळ घेते.